ओळीने वाचलेलं डब्लिन

कथासंग्रह हातात आला की तो आपण कादंबरीसारखा पहिल्या पानापासून वाचायला घेत नाही. आधी अनुक्रमणिका उघडतो. जिचं नाव कुणाकडून ऐकलेलं असतं ती कथा काढतो, नाहीतर हाताशी असलेल्या अर्ध्या तासात संपेल एवढी एखादी. मग शेवटची, मग मधलीच कुठलीतरी. चार-पाच कथा वाचायच्या राहून गेल्या तरी काही चुकल्यासारखं वाटत नाही. 'संग्रह' हा शब्दही या सवयीला पूरकच आहे. जे जमलं ते एका जागी ठेवलं, त्यात आधी काय नि नंतर काय! मराठी कथेचं आयुष्यही बरंचसं असंच गेलं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आपल्याला कथा बहुतेक वेळा पहिल्यांदा भेटते ती अंकात, एकेकटी, मागेपुढे कविता आणि जाहिराती घेऊन. दहा-बारा कथा साठल्या की पुस्तक निघतं. अशा पुस्तकातल्या कथांच्या क्रमाला काही अर्थ असेल, असं वाचकाच्या मनात सहसा येतच नाही. पण तो अर्थ कधी कधी फार मोठा असतो, आणि तो न पाहता वाचलं तर चांगल्या कथासंग्रहातली एक अख्खी गोष्ट, जी कुठल्याच एका कथेत लिहिलेली नाही, आपल्या हातून निसटते. हे नुसतं म्हणून पटणार नाही. त्यासाठी एक पुस्तक जवळून पाहायला हवं. मी जेम्स जॉइसचं 'डब्लिनर्स' घेतो.

१९१४ च्या जूनमध्ये लंडनच्या ग्रँट रिचर्ड्सने हे पुस्तक काढलं. आयर्लंडची राजधानी डब्लिन, तिथल्या साध्या माणसांच्या पंधरा कथा. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना यातल्या दोन-तीन हमखास माहीत असतात: 'अ‍ॅराबी', 'एव्हलिन' आणि शेवटची दीर्घकथा 'द डेड'. निवडक कथांच्या पुस्तकांतून, पाठ्यपुस्तकांतून त्या सतत भेटतात. 'अ‍ॅराबी'त एक शाळकरी मुलगा शेजारच्या मित्राच्या बहिणीवर जीव टाकतो, तिच्यासाठी जत्रेतून काहीतरी आणायचं कबूल करतो, दारू पिऊन घरी उशिरा आलेल्या काकाकडून पैसे मिळवून रात्री तिथे पोहोचतो, तर दुकानं मिटत आलेली असतात आणि दिवे मालवले जात असतात. एकटी वाचली तर ही पहिल्या प्रेमाच्या फजितीची सुंदर कथा आहे. पण पुस्तकात ती तिसरी आहे. तिच्याआधीच्या कथेत शाळा बुडवून भटकायला गेलेल्या मुलाला एक विकृत म्हातारा भेटतो आणि सगळ्यात पहिल्या कथेत एक पाद्री पक्षाघाताने मरतो. 'अ‍ॅराबी'तला मुलगा राहतो त्या घरातही पूर्वी एक पाद्री राहायचा आणि मागच्या खोलीतच तो वारला. पुढच्याच कथेत एव्हलिनच्या घराच्या भिंतीवर एका पाद्र्याचा पिवळा पडलेला फोटो आहे. सुटी वाचली तर ही नेपथ्यातली किरकोळ माहिती. ओळीने वाचली तर घरोघरी कुणीतरी मेलेला किंवा निघून गेलेला धर्मगुरू आहे आणि त्याच्या सावलीत मुलं वाढताहेत, हे कुणी न सांगता कळतं.

या क्रमामागे लेखकाचा हात किती होता, हे पाहण्यासारखं आहे. यातली पहिली कथा, 'द सिस्टर्स', १३ ऑगस्ट १९०४ रोजी 'आयरिश होमस्टेड' या शेतकऱ्यांच्या सहकारी चळवळीच्या साप्ताहिकात आली. जॉर्ज रसेलने ती मागितली होती, मोबदला एक पाउंड. जॉइसने ती 'स्टीव्हन डेडालस' या टोपणनावाने लिहिली. त्याच वर्षी तिथे त्याच्या आणखी दोन कथा आल्या आणि मग संपादकाने पुढच्या घेतल्या नाहीत. त्या वेळी 'द सिस्टर्स' ही एका पत्रातली एक गोष्ट होती, इतकंच. पण पुस्तकासाठी जॉइसने तिची सुरुवात नव्याने लिहिली. तिच्या पहिल्याच परिच्छेदात आता तीन विचित्र शब्द येतात आणि ते एका लहान मुलाच्या तोंडी घोळत राहतात. पहिला, पक्षाघात. दुसरा, नोमन: हा भूमितीतला शब्द आहे, समांतरभुज चौकोनाच्या एका कोपऱ्यातून तसलाच लहान चौकोन कापून काढला की जी अपुरी आकृती उरते तिचं नाव. तिसरा, सायमनी, म्हणजे देवाधर्मातली पदं नि कृपा पैशाने विकणं. साप्ताहिकातल्या छापील कथेत हे तिन्ही नव्हते. एका सुट्या कथेसाठी त्यांची गरजच नव्हती. पंधरा कथांच्या पुस्तकाचं दार उघडायचं म्हटल्यावर मात्र लेखकाने तिथे तीन किल्ल्या टांगल्या: न हलता येणारी माणसं, एक कोपरा कापलेली आयुष्यं, आणि पैशात मोजलं जाणारं पवित्र. पुढच्या पानांत या तिन्ही किल्ल्या कुठे कुठे लागतात हे शोधायचं काम त्याने वाचकावर सोडलं.

आणि योजना तर त्याने स्वतःच सांगितली आहे. मे १९०६ मध्ये रिचर्ड्सला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की या कथा बालपण, तारुण्याचा उंबरठा, प्रौढपण आणि सार्वजनिक जीवन अशा चार टप्प्यांनी लावल्या आहेत. पहिल्या तीन कथा मुलाच्या तोंडून, 'मी' म्हणून सांगितलेल्या आहेत. चौथ्या कथेपासून हा 'मी' गायब होतो आणि पुन्हा कधीच येत नाही. इथे वयाचा एक गमतीदार पेच आहे. दुसऱ्या गटातल्या 'टू गॅलंट्स'मधला लेनेहन नोव्हेंबरात एकतीस वर्षांचा होणार आहे, आणि तिसऱ्या गटाच्या तोंडाशी असलेल्या 'अ लिटल क्लाउड'मधला चँडलर बत्तीसचा. दोघांत जेमतेम वर्षाचं अंतर. मग एक उंबरठ्यावर आणि दुसरा प्रौढ कसा? कथांतच उत्तर आहे. लेनेहनचं घर झालेलं नाही. भुकेला, थकलेला असा तो एका स्वस्त खाणावळीत वाटाण्यांची बशी खात कधीतरी आपलाही संसार होईल असं स्वप्न बघतो. चँडलरचं लग्न झालं आहे, मूल आहे, हप्त्यांवर घेतलेलं सामान आहे; आणि जॉइस त्याच्याबद्दल स्पष्टच लिहितो की त्याचा स्वभाव आता कुठे परिपक्वतेला पोहोचत होता. हे वाक्य कथेसाठी तर आहेच, गटाच्या वेशीवरची पाटी म्हणूनही ते तिथे आहे.

क्रम काय करतो याचा सर्वांत जळजळीत पुरावा पुस्तकाच्या मध्यावर आहे, आणि तिथे थोडं थांबायला हवं. सातवी कथा 'द बोर्डिंग हाउस'. मिसेस मूनी नावाची खमकी बाई खानावळवजा वसतिगृह चालवते. तिच्या मुलीचं, पॉलीचं, तिथल्या डोरन नावाच्या पाहुण्याशी सूत जुळल्याचं तिला कळतं. ती आधी गप्प बसते, प्रकरण पिकू देते आणि मग एका रविवारी सकाळी डोरनला बोलावून घेते. डोरनला चर्चमधल्या कबुलीची, नोकरी जाण्याची, गावात बोभाटा होण्याची भीती. शेवटी आई वरच्या खोलीत बसलेल्या पॉलीला हाक मारते: खाली ये, मिस्टर डोरनना तुझ्याशी बोलायचंय. कथा संपते. लग्न झालं की नाही, सुख लागलं की नाही, जॉइस सांगत नाही. पान उलटलं की 'अ लिटल क्लाउड'. माणसं वेगळी, नावं वेगळी, पण लग्न होऊन गेलेलं आहे. चँडलर रात्री घरी बसला आहे, मांडीवर तान्हं मूल, समोर बायकोचा फोटो. लंडनमध्ये नाव काढलेल्या जुन्या मित्राला भेटून आल्यामुळे मनात जळत असलेला. बायकोच्या फोटोतले डोळे त्याला थंड वाटतात. कवितेचं पुस्तक उघडावं तर मूल रडायला लागतं. तो मुलाच्या तोंडावर ओरडतो, मूल घाबरून आणखीच हमसतं, बायको येते आणि मूल त्याच्याकडून ओढून घेते. पुन्हा पान उलटा: 'काउंटरपार्ट्स'. फॅरिंग्टन हा कचेरीतला नक्कलनवीस. साहेबाने झापलं, दारूसाठी घड्याळ गहाण टाकलं, दारू पाजण्यात पैसे उडाले, मनगटाच्या जोरात एका पोराकडून हरला. घरी येतो तर बायको चर्चला गेलेली, चूल विझलेली. लहानग्या टॉमला तो काठीने झोडपतो आणि पोर किंचाळतं: मारू नका, मी तुमच्यासाठी मेरीची प्रार्थना म्हणेन.

या तीन कथांची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. एकही पात्र समाईक नाही. तरी ओळीने वाचणाऱ्याला दिसतं की एका घरात लग्न लावून दिलं जातंय, दुसऱ्या घरात त्या लग्नातल्या मुलावर बाप ओरडतोय आणि तिसऱ्या घरात तो हात उगारतोय. जणू एकच बिऱ्हाड तीन वेगवेगळ्या वर्षी उघड्या दारातून दिसावं. ही चौथी गोष्ट तिन्ही कथांपैकी कुठल्याच कथेत नाही. ती दोन कथांमधल्या कोऱ्या जागेत आहे. आणि टॉमची किंकाळी ऐकू येते तेव्हा पहिल्या तीन कथांत 'मी' म्हणून बोलणारा मुलगा आठवल्याशिवाय राहत नाही. तो स्वतः बोलत होता. टॉमला फक्त ओरडता येतं. 'काउंटरपार्ट्स' सुटी वाचली तर ती एका दारुड्याची गोष्ट आहे, चांगलीच आहे, पण हे दुसरं दुःख तिच्यात नाही.

पैशांचंही तसंच. त्या काळी बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पाउंड. 'अ‍ॅराबी'तल्या मुलाला काकाने दोन शिलिंगांचं नाणं दिलं. त्यातला एक शिलिंग दारावरच गेला, थोडे गाडीला. शेवटी तो खिशातली दोन पेन्सांची नाणी सहा पेन्सांच्या नाण्यावर पाडून वाजवतो: उरले आठ पेन्स. 'टू गॅलंट्स'मध्ये लेनेहनच्या रात्रीच्या जेवणाचं बिल अडीच पेन्स होतं, आणि त्याच कथेच्या शेवटी त्याचा मित्र कॉर्ली दिव्याखाली मूठ उघडतो, तर तळव्यावर एका मोलकरणीकडून काढलेलं सोन्याचं छोटं नाणं. फॅरिंग्टनला गहाणवटीच्या दुकानात पाच शिलिंग देऊ करतात, तो सहावर अडून बसतो, सहा घेतो. रात्री घरी जाताना खिशात दोन पेन्स. 'क्ले'मधली म्हातारी मारिया मुलांच्या आईवडिलांसाठी दोन शिलिंग चार पेन्सांचा केक घेते आणि ट्राममध्ये विसरते. मग चौदावी कथा, 'ग्रेस': व्यापारी मंडळींसाठी ठेवलेल्या प्रवचनात फादर पर्डन स्वतःला हिशेबनीस म्हणवतो आणि आपापल्या आत्म्याची खातेवही जुळवायला सांगतो. पहिल्या परिच्छेदातला 'सायमनी' हा शब्द इथे, जवळजवळ पुस्तक संपताना, आपला अर्थ दाखवतो. (पर्डन हे डब्लिनमधल्या वेश्यावस्तीतल्या एका रस्त्याचं नाव, तिथल्या वाचकाला ते लगेच कळलं असणार.) नाण्यांचा हा खुळखुळाट पहिल्यापासून कानात नसेल, तर फादरच्या प्रवचनातली चीड निम्मीच पोहोचते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. हा क्रम कसला योजनेचा, तो तर छपाईच्या कटकटींतून झाला. १९०५ च्या अखेरीस जॉइसने रिचर्ड्सकडे बाराच कथा पाठवल्या होत्या. मग 'टू गॅलंट्स' आली, छपाईवाल्याने तिला आणि आणखी काही जागांना हरकत घेतली, 'अ लिटल क्लाउड' वाढली, पुढच्याच वर्षी रिचर्ड्सने पुस्तकच नाकारलं. 'द डेड' १९०७ ची. डब्लिनच्या मॉन्सेल कंपनीने १९०९ मध्ये करार केला आणि १९१२ मध्ये छापून झालेले कागद मुद्रकाने नष्ट केले. जॉइस जेमतेम एक संपूर्ण संच घेऊन निघाला आणि पुन्हा कधी आयर्लंडला परतला नाही. इतक्या धक्क्यांनी वाढलेल्या पुस्तकात कसला आराखडा शोधायचा? पण वाढलेल्या कथा कुठे बसवल्या ते पाहा. मूळ बाराची मांडणी तीन-तीनच्या चार गटांची होती. नवी 'टू गॅलंट्स' दुसऱ्या गटात गेली, 'अ लिटल क्लाउड' तिसऱ्या गटाच्या आरंभाला, अगदी 'द बोर्डिंग हाउस'ला लागून. झाले तीन, चार, चार, तीन आणि शेवटी एकटी, सगळ्यांहून लांब 'द डेड'. घाईत भर टाकणारा लेखक नवी कथा शेवटाला चिकटवतो. जॉइसने भिंतीतले दगड हलवून मधे जागा केली. सोसलेल्या त्रासामुळे क्रम बिघडला नाही, उलट तो किती जाणून केलेला आहे हे त्रासानेच उघड केलं.

दुसरा आक्षेप कथेच्या जातीचा आहे. कथा ही एका बैठकीत वाचायची, एकच ठसा उमटवायची गोष्ट, असं एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४२ मध्ये मांडलं आणि पुढच्या शंभर वर्षांच्या कथाविचाराने ते उचलून धरलं. मग एका ठशावर दुसरा ठसा मारून काय साधायचं? माझं म्हणणं पोच्या विरुद्ध जात नाही. 'एव्हलिन' एका बैठकीत पुरी होते. प्रियकर बोटीवर चढतोय आणि ती धक्क्यावरचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी आहे, हा ठसा कशानेही पुसला जात नाही. पण आदल्या कथेतल्या मुलाला उशीर झाल्यामुळे काही मिळालं नाही आणि एव्हलिन वेळेवर पोहोचूनही गेली नाही, हे दोन ठसे शेजारी पडले की दोन्ही अधिक खोल दिसतात. शिवाय पोने हे विचार मांडले ते हॉथॉर्नच्या एका कथासंग्रहाच्या परीक्षणात, हेही विसरू नये.

तिसरी तक्रार सामान्य वाचकाची आहे, आणि मला ती सर्वांत खरी वाटते. ओळीने वाचलं तर जड होतं. प्रत्येक कथेत कुणीतरी अडकतो, हरतो; आठव्या-नवव्या कथेपर्यंत मन कोरडं पडतं. हे खरं आहे. पण जॉइसलाही ते जाणवलं होतं. १९०६ मध्ये रोममध्ये असताना त्याने भाऊ स्टॅनिस्लॉसला लिहिलं की आपण डब्लिनवर गरजेपेक्षा जास्त कठोर झालो, त्या शहराचं अगत्य आपल्या कथांत आलंच नाही. त्यानंतर 'द डेड' लिहिली गेली. त्या कथेत नाताळच्या दिवसांतली मेजवानी आहे, दोन म्हाताऱ्या बहिणींचं आतिथ्य, गाणी, नाच, ताटांनी भरलेलं टेबल. आधीच्या चौदा कथांचा कोरडेपणा अंगावर घेतल्याशिवाय या टेबलाची ऊब कळत नाही. ही कथा जगातल्या श्रेष्ठ कथांत गणली जाते आणि ती एकटी वाचूनही गणली जाईल. पण तिच्यात गॅब्रिएल नावाचा सभ्य, सुशिक्षित माणूस घरकाम करणाऱ्या लिलीला लग्नाबद्दल सहज विचारतो, ती पुरुषांविषयी कडू बोलते आणि ओशाळून तो तिच्या हातात एक नाणं कोंबतो. आता ते नाणं पाहा. कॉर्लीच्या तळव्यावरचं सोनं, मारियाचा विसरलेला केक, फादरची खातेवही, सगळं त्या एका नाण्यात खणखणतं. गॅब्रिएल वाईट माणूस नाही, म्हणून तर ते अधिक लागतं.

मग सगळेच कथासंग्रह असे ओळीने वाचायचे का? मासिकांतल्या कथा नुसत्या गोळा करून काढलेल्या पुस्तकात क्रमाला अर्थ नसेलही, आणि अनेक लेखकांच्या निवडक कथांचं पुस्तक असेल तर क्रम लेखकांचा नसतोच, तो संपादकाचा असतो. पण लावून ठेवलेलं आणि गोळा केलेलं यांतला फरक अनुक्रमणिकेवरून कळत नाही. तो वाचूनच कळतो. जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'त (१९७५) दोनच दीर्घकथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. त्या दोन वेगळ्या पुस्तकांत असत्या तर आपण त्या तशाच वाचल्या असत्या का, हा प्रश्न ज्यांनी दोन्ही लागोपाठ वाचल्या त्यांनाच सुचतो. आणि ही दृष्टी आपल्याला परकी तर मुळीच नाही. वेताळपंचविशीत राजा प्रत्येक कोड्याचं उत्तर देतो, वेताळ निसटतो, पुन्हा झाडाला लटकतो; शेवटच्या कोड्याला राजाकडे उत्तर नसतं. ती शेवटची गोष्ट आधी वाचली, तर राजाच्या गप्प बसण्यात काय आहे ते कळणारच नाही. गोष्टींची रांग ही गोष्टच असते, हे आपण लहानपणीच शिकलेलो असतो.

'डब्लिनर्स'ची पहिली आवृत्ती १२५० प्रतींची होती आणि पहिल्या वर्षी पाचशेसुद्धा खपल्या नाहीत. त्यांतल्या १२० करारानुसार जॉइसनेच घेतलेल्या. त्या थोड्या वाचकांपैकी जे पहिल्या पानापासून सुरू करून शेवटच्या पानापर्यंत गेले, त्यांना दोन खिडक्या भेटल्या. पहिल्या परिच्छेदात एक मुलगा रात्रीमागून रात्र रस्त्यावर उभा राहून एका घराच्या उजळलेल्या खिडकीकडे बघतो. आत पाद्री मरणाच्या दारात आहे आणि तो मेला तर उशाशी दोन मेणबत्त्या लावतील, त्यांचा उजेड पडद्यावर दिसेल, असा त्याचा हिशेब. शेवटच्या पानावर एक मध्यमवयीन माणूस हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत पडलेला आहे. बायको नुकतीच रडून झोपली आहे. सतराव्या वर्षी तिच्यासाठी मेलेल्या एका पोराची आठवण सांगून. काचेवर काहीतरी हलकेच आपटतं, तेव्हा तो खिडकीकडे वळतो. आतून बाहेर बघतो तर रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात बर्फ पडत असतो, सगळ्या आयर्लंडवर.